आत येण्याआधीचं खाकरणं

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, छातीत कफ नाही. पोटातलं आम्ल वर येतंय, त्यानं घशात चिकटा धरतोय. चहा बंद, जेवल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, आणि खाकरू नका, घसा आणखी सुजेल. गोळ्या झाल्या, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा झाल्या. घशातला गोळा हलला नाही. खाकरल्याशिवाय मला शब्दच फुटत नव्हता.

त्याच वर्षी दुष्काळात फुलंब्रीकडची आमची विहीर आटली. मेंढरं विकली आणि आईला शेंद्र्याच्या कारखान्याजवळ, माझ्या दोन खोल्यांत आणलं. तिच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. एकटीनं उठायचं नाही, अशी ताकीद होती.

आमच्याकडे घरचा पुरुष दाराबाहेर खाकरूनच आत यायचा. तेवढ्यात बायका पदर सावरून पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. आईनं जन्मभर हेच केलं. आता तिला दिसायचं कमी, आणि आठवण पार मागं सरकलेली. मी बाहेरच्या खोलीत खाकरलो की ती पदर ओढून उठायला बघायची.

"मामंजी आले. पाणी द्या गं."

"आत्याबाई, तुमचे सासरे कवाच गेले. लेक हाय तुमचा," म्हणत बायको तिला धरून बसवायची. मग मला, "तुमच्यापरीस टँकर बरा. हॉर्न दिला की येऊन जातो तरी. तुमचं नुसतंच खाकरणं."

मीही हसायचो. एका दुपारी बायको टँकरच्या रांगेत होती. मी खाकरलो, आणि आत आई पडली.

खुबा पुन्हा मोडला, आता दुसरं ऑपरेशन तिला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी घरी थांबेना. ओव्हरटाइम आहे सांगायचो आणि कारखान्यासमोरच्या टपरीवर चहा पीत बसायचो. घसा जास्तच जळायचा, पण पोटभर खाकरता यायचं. खरं सांगतो, तिथं मला बरं वाटायचं.

शेवटी बायको म्हणाली, "आता तरी जवळ बसा. लई दिवस नाय राहिले."

मी घोट घोट पाणी पिऊन, घसा दाबून, आवाज न करता आईच्या खाटेपाशी गेलो. तिला चाहूल लागली. तिनं तोंडावर पदर ओढला.

"कोण हाय? खाकरला नाय. परका दिसतोय."

आई, मी हाय, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, तर घशात तोच गोळा. खाकरलो असतो तर ती तशातही उठायला बघणार. मी तसाच माघारी बाहेर आलो.

आतून ती बायकोला विचारत होती, "गेला का गं त्यो?"