हिरड्याचा एक वेढा

धारमध्ये आमच्या गल्लीत मला दीपेश कोणी म्हणत नाही. ‘शीवाले भिया’ म्हणतात. म्हणा बापडे! कामच तसं आहे. हगवण लागलेल्या पोरांचे नमुने डबीत घ्यायचे, बर्फाच्या पेटीत घालायचे आणि तपासणीला न्यायचे. रोटाव्हायरस नावाचा विषाणू ही हगवण लावतो, आणि त्याच्या जाती अनेक. यंदा कुठल्या गावात कुठली जात फिरतेय, लस तिला पुरी पडते की नाही, हे त्या डब्यांवरून कळतं. गंधवानीपासून पार देवासकडच्या पीपलरावां गावापर्यंत माझी मोटरसायकल फिरत असते.

पण सांगायचंय ते शेजारच्या जानकीबाईंचं. त्यांचे यजमान विठोबाकाका गेले तेव्हा मुलगा मोनू सहावीत होता. बाईंनी लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करून त्याला शिकवला, पीपलरावां गावची उर्वशी सून करून आणली. मराठी त्यांची पणजीच्या काळातल्या, जुन्या वळणाची, आणि हिंदी अशी मोडकी की सगळी गल्ली हसायची. त्याही हसायच्या.

नातू झाला, रणवीर, तेव्हा बाईंनी माळ्यावरची सहाण काढली. रोज अंघोळीनंतर बाळगुटी. वेखंडाचे सहाणेवर दोन वेढे, मुरडशेंगेचा एक, आणि पोट साफ व्हायला हिरड्याचा एक. उर्वशी म्हणायची, “आई, ये सब रहने दो ना, डॉक्टर मना करते हैं.” “तुझा नवरा ह्याच गुटीवर वाढला गं,” म्हणत त्या उगाळत राहायच्या.

जानेवारीत, दहा महिन्यांचा असताना, रणवीरला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सासू-सुना त्याला घेऊन दवाखान्यात आल्या. दवाखान्याचं नाव सांगत नाही. मी तिथंच होतो, दुसऱ्या एका मुलाचा नमुना घ्यायला. रणवीरचे डोळे खोल गेले होते, रडायला आवाज उरला नव्हता. त्याचा नमुना जानकीबाईंनीच माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी सलाइन लावली, जे करायचं ते सगळं केलं. पोरगं फार सुकून आलं होतं.

तेवढ्यात नर्सनं कागद भरता भरता विचारलं, “अम्मा, बच्चे को क्या दिया था?” बाईंना वाटलं, काय झालंय ते विचारते आहे.

“जुलाब,” त्या म्हणाल्या. “जुलाब, बाई. कल से जुलाब.”

आता बघा. मराठीत जुलाब म्हणजे हगवण. हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध; हगवणीला तिथे दस्त म्हणतात. नर्सनं लिहून टाकलं: दादी ने जुलाब दिया.

दुपारी रणवीर गेला.

उर्वशी हिंदी शाळेत शिकलेली. तिनं तो कागद वाचला आणि तिला गुटी आठवली. भर दवाखान्यात ती किंचाळली, “तुमने मारा मेरे बच्चे को!” जानकीबाई गप्प राहिल्या. का, ते मला फार उशिरा कळलं. आदल्या सकाळी पोर किरकिर करत होतं, म्हणून हिरड्याचा वेढा एक दिला की दोन, हे त्यांचं त्यांनाच आठवेना. महिन्याभरात उर्वशी माहेरी गेली, पाठोपाठ मोनूही. बाईंनी सहाण विहिरीत टाकली. शिलाई मशीनवर चादर पडली ती पडलीच.

आणि मी काय केलं? तो कागद माझ्याकडेही आला होता. औषधानं झालेली हगवण आमच्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून मी रणवीरच्या नावावर काट मारली. मी! जन्मभर दोन्ही भाषा बोलणारा गाढव! पेटीतला बर्फ वितळत होता, मला निघायची घाई होती.

एप्रिलात एक दिवस माझी आई दारात भाजीवालीला सांगत होती, “मेरे को कल से जुलाब है.” भाजीवाली म्हणाली, “तो लिया क्यों, अम्मा?” माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

बाद नमुने टाकून द्यायचे असतात. आळसापायी मी टाकले नव्हते. फ्रीजरच्या तळाशी रणवीरची डबी सापडली. रोटाच निघाला. मग मोठ्या प्रयोगशाळेत हातापाया पडून जात तपासून घेतली. त्या जानेवारीत गंधवानीच्या अकरा मुलांत सापडली होती, तीच. त्या अकरा जणांना कुणी हिरडा उगाळून दिला होता?

मी कागद घेऊन जानकीबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे हिरड्यानं नाही? त्या सकाळी एक वेढा दिला की दोन, तेच मला आठवेना रे.”

“नाही काकू. एक वेढा असो की दोन.”

त्या पदरात तोंड घालून रडल्या. मला बघवेना. मी उर्वशीला फोन लावला, आवाज मोठा ठेवून हिंदीत सगळं समजावलं. मग ती म्हणाली, “तो मैंने आई को जो बोला…”

“असू दे गं,” जानकीबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. “तुझं पोर गेलं होतं. तू कुणाला तरी बोलणारच.”

फोन बंद झाला. बाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“दीपेश, तू तिथंच होतास ना रे? डबी मी तुझ्याच हातात दिली. एकदा मराठीत विचारायचं होतंस मला, काकू, काय दिलं म्हणून.”