पतंग नव्हे, पाखरं : सादिकभाईंचा बोलका डबा

आमच्या नांदुऱ्याच्या सादिकभाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, याचा मला घरचं कार्य निघाल्यासारखा आनंद आहे. मी चौथी शिकलेली बाई. लिहिण्यात उणंअधिक झालं तर सत्कार समितीनं सांभाळून घ्यावं.

पहिली ओळख रेडिओपायी झाली. माझ्या मालकांचा रेडिओ बंद पडला म्हणून मी तो त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी मागचं झाकण काढलं आणि म्हणाले, "वहिनी, याच्यात तं बातम्याईपेक्षा झुरळंच जास्त हायेत." ती झुरळं त्यांनी मारली नाहीत, कागदावर घेऊन बाहेर सोडली. माणूस ओळखायला मला तेवढं पुरलं.

पुढे रेडिओ कोणी आणेना. तेव्हा त्यांनी खेळायच्या पत्त्याएवढ्या कॉम्प्युटरचा नाद धरला. त्याला घर पाहिजे म्हणून तो कधी साबणाच्या डबीत बसवत, कधी जेवणाच्या डब्यात. भाभी कावून म्हणत, "घरात एक बी डब्बा झाकणाचा ठेवला नाही यायनं."

बीटी कपाशीच्या पऱ्हाटीला अळी लागत नाही, असं आम्ही ऐकलं होतं. मग गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, आतून खाल्लेलं. सादिकभाईंनी वडनेर भोलजीच्या माझ्या वावरात किडे धरायच्या सापळ्यावर डबा लावला. आत तो कॉम्प्युटर आणि कॅमेरा, खाली जुन्या रेडिओचा स्पीकर. सापळ्यात अळीची पाखरं वाढली की डबा बोलणार.

आणि बोलला की. "पतंग आढळले आहेत. उपाय करा." अगदी पुण्याच्या बाईसारखा. मी वर आभाळात पाहिलं. संक्रांत एवढी लांब, पोरायनं आत्ताच पतंग काढले काऊन? चार दिवस मी बांधावर मांजा शोधत फिरले. आमच्याकडे त्या किड्याला पाखरू म्हणतात; पतंग म्हणजे दोऱ्याचा. तोवर बोंडं पोखरून झाली होती.

सादिकभाई आले, एकेक बोंड फोडून पाहत राहिले. "वहिनी, चूक माही हाये. पुस्तकातला शब्द टाकला म्या."

"मंग आता माहा आवाज टाका," मी म्हटलं.

दुसऱ्या साली माझ्याच आवाजात डबा ओरडला, "पाखरं आली बाप्पा, फवारा घ्या." वेळेवर कळलं, वेळेवर फवारलं. तरी अर्ध्याहून जास्त बोंडं गेली. शेजारचा वावरवाला म्हणाला, "आजी, तुमचा डबा रडते चांगला, पण अळी काही हटत नाही."

सादिकभाईंनी ते ऐकलं आणि डबा काढून नेला. "नुसतं सांगून काय फायदा, वहिनी? बंद करून राह्यलो मी हे." तेव्हापासून त्यांच्या टेबलावर तार जोडायची गरम कांडी थंड पडली आहे. समिती त्यांच्या कामाचा सत्कार करते आहे, आणि त्यांनी तर काम सोडलं आहे.

सांगून काय फायदा, याचं उत्तर मी इथे देते. माझ्या मालकांच्या पोटात गाठ आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा उपाय उरला नव्हता. पण सांगितलं, म्हणून तो पावसाळाभर मी त्यांच्याजवळ बसले. नसतं सांगितलं तर मी निंदणीला गेले असते.

तुमचा अल्ला आणि आमचा देव, दोघांनी मिळून सादिकभाईंना भरपूर आयुष्य द्यावं, नजर शाबूत ठेवावी, हात थरथरू देऊ नये. यंदाही बियाणं तेच आहे. अळी येईल, मला दुसरी आशा नाही. तरी डबा लावायला या, भाऊ. मला कळायला पाहिजे.