टाकीत राहिलेलं औषध

नवापूरच्या सलीमभाईंनी मला वाचवलं. आमच्या युनिटमध्ये आता कुणी त्यांचं नाव चांगल्या तोंडाने घेत नाही, म्हणून हे आधी लिहितो.

तिसऱ्या दिवशीही परीक्षानळी पिवळीच होती.

आमच्याकडे सुरतेहून कोळंबीची सालं येतात. माझ्या वेंगुर्ल्यात ती माडाच्या मुळाशी टाकतात. सालातला चिवट भाग म्हणजे कायटिन, साखरेच्या कणांची लांब साखळी. टाकीत वाढवलेले बॅक्टेरिया एन्झाइम सोडतात, ते ही साखळी तोडतं. सुटलेली साखर औषधवाले घेतात. नमुन्यात केमिकल घालून उकळलं की साखर असेल तेवढा तांबूस रंग येतो. आमचा पिवळा, म्हणजे काहीच तुटलं नव्हतं. आणि उद्या माल घेणारी पार्टी सॅम्पल बघायला येणार होती.

ऑपरेटर सलीमभाईंनी व्हॉल्व्हला नाक लावलं. "आठे पोल्ट्रीना वास कसा ई ऱ्हायना रे?"

टाकीत पोल्ट्रीचा वास कुठून आला, ते मला लगेच कळलं. नववीत शाळा सोडून इकडे आलो, तो आधी पोल्ट्रीत होतो. तिथे शेड धुतली की जंतुनाशक मारायचं आणि तसंच वाळू द्यायचं, वरून पाणी नाही. पार्टी येणार, टाकी जास्त स्वच्छ हवी, म्हणून मी पोल्ट्रीतून आणलेल्या जुन्या कॅनमधलं तेच औषध आतून फिरवलं होतं. त्यावरच बॅक्टेरिया सोडले. सगळे मेले.

"सलीमभाई, मला काढतील."

"चूप बठ. तुन्हं घर किती दूर शे! मन्हं आठेच शे."

युनिट सांभाळणारे सर आले. "टाकी कुणी धुतली?"

"मीच, सर," सलीमभाई म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला एवढं कळत नाही?"

"कळतं. चूक झाली."

मी शेजारी पाईप गुंडाळत राहिलो.

पार्टी चहा पिऊन परत गेली, पुन्हा आली नाही. बॅच फेकली. सलीमभाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आता ते खांडबाऱ्याकडे एका पोल्ट्रीत अंड्यांचे ट्रे भरतात. त्यांच्या टाकीवर मी आहे.

जंतू मारायच्या जागेची स्वच्छता वेगळी आणि जंतू पाळायच्या जागेची वेगळी, एवढं मी शिकलो. ते विचारूनही शिकता आलं असतं.

रविवारी त्यांच्याकडे जातो. भाभी जेवायला वाढतात. "सरला सांगू नको," सलीमभाई बजावतात, "मन्हं काम त गयं, तुन्हं बी जाई."

अजून सांगितलेलं नाही. पण सलीमभाई, एक दिवस मी सरांसमोर उभा राहीन आणि तुम्हाला त्या टाकीवर परत आणीन.