आत्याने पोचवलेले निरोप

आमच्या गल्लीत फोन एकच होता आणि तो माझ्या आत्याच्या शिवणाच्या दुकानात होता. त्यामुळे तिच्या मशीनपेक्षा तिच्या चपलाच जास्त चालल्या. कुणाचाही फोन आला की हातातलं टाकून ती बोलवायला निघायची. वाटेत चार घरी डोकावायची, तोवर पलीकडचा माणूस ताटकळायचा ते वेगळंच. गल्ली तिला फोनवाली म्हणायची आणि बाईसाहेब त्यावर खूश असायच्या.

मरणाचा निरोप आला की मात्र तिच्या तोंडाला कुलूप. वाटेत कुणाशी चकार शब्द नाही. त्या घरी जाऊन आधी गॅस बंद करायची, माणसाला खाली बसवायची, हात धरायची आणि मगच सांगायची.

"ज्याचं माणूस गेलं त्याला आधी कळलं पाहिजे," ती मला म्हणायची. "आणि तेही माणसाच्या तोंडून."

पुढे घरोघरी मोबाइल आले. बरंच झालं. अडीनडीला डॉक्टर मिळू लागला, लांब गेलेली मुलं रोज दिसू लागली. आत्याचा एकुलता लेक ट्रक चालवायचा. त्यानेच तिला फोन घेऊन दिला आणि गल्लीच्या ग्रुपमध्ये घातलं. मग काय, रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवून तिने अख्ख्या गल्लीला वात आणला.

परवा दुपारी त्याचा ट्रक पुलाच्या कठड्यावर आदळला. तो जागीच गेला. ट्रकमालकाने मला फोन केला. "आईंना तुम्हीच सांगा, ताई. मला नाही जमायचं."

मी होते तशी निघाले. गल्लीत शिरले तर दारादारात माणसं फोनमध्ये डोकं घालून उभी होती. मला बघून त्यांनी नजर चुकवली. मी धावत सुटले.

आत्या मशीनपाशी बसली होती. ग्रुपवर कुणीतरी अपघाताचा फोटो टाकला होता, त्याखाली बाकीच्यांनी हात जोडले होते. ती दोन बोटांनी तो फोटो मोठा करून बघत होती.

"हा शर्ट मीच शिवलाय गं," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात धरला, तो गार पडला होता.

"बाहेर एवढी माणसं उभी आहेत," ती म्हणाली. "एकालाही आत यावंसं वाटलं नाही?"

मला इतकी धाप लागली होती की मी आलेय, एवढंही तिला सांगता येईना.