लिनबाईंचे मनोरे

उंच इमारत दिसली की माणसं ‘केवढी उंच!’ म्हणतात. लिनबाई विचारायच्या, ‘वर कोण जाऊ शकतं?’ सिडनीला आम्ही त्यांना हौसेने एक काचेचा टॉवर दाखवायला नेलं, तर मान वर करायच्या आधी त्यांनी दारावरच्या गार्डला गाठलं. आत झाडलोट करणाऱ्या बायकांना खिडकीतून बाहेर बघायला सवड मिळते का, हा त्यांचा प्रश्न. माझी लेक कानात पुटपुटली, ‘आई, शी इज सो एम्बॅरसिंग!’ गार्ड मात्र खूश. ‘नोबडी एव्हर आस्क्स, मेट,’ म्हणाला आणि बराच वेळ बोलत राहिला.

सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगला त्या आमच्या शेजारच्या युनिटमध्ये राहायच्या. चीनमधल्या शिआनच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला, म्हणून आमच्या घरात त्या ‘बाई’ झाल्या. त्यांचा मुलगा इथे युनिव्हर्सिटीत शिकला, म्हणून त्याच्यामागे नवरा-बायको इकडे आले. पुढे मुलगा नोकरीसाठी शांघायला गेला, तरी हे दोघं समुद्रकाठ सोडायला तयार होईनात. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यावर बाई एकट्या राहिल्या.

शिकवण्याची खोड मात्र काही निवृत्त झाली नव्हती. कपडे वाळत घालता घालता त्या कुंपणापलीकडे शिआन उभं करायच्या. गावात एक घंटेचा मनोरा, एक नगाऱ्याचा. जुन्या काळी घंटा झाली की वेशी उघडायच्या, नगारा झाला की बंद व्हायच्या. ‘सुभेदाराचा आणि भाजीवाल्याचा दिवस एकदमच मावळायचा,’ त्या म्हणायच्या आणि लगेच बोट उगारायच्या, ‘पण नगारा कधी वाजवायचा ते सुभेदार ठरवायचा. हे विसरायचं नाही!’ मान डोलावल्याशिवाय माझी सुटका नसे.

नागपूरहून माझी आई आली तेव्हा मी हॉस्पिटलच्या शिफ्टला गेले की ती दिवसभर खिडकीत बसायची. बोलायला कुणी नाही. तिचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता आणि काही सुचत नव्हतं. बाईंना कुणी काही सांगावं लागलं नाही. एका रविवारी त्यांनी आम्हाला गाडी काढायला लावली आणि टेकडीवरच्या चिनी मंदिराच्या पॅगोड्यापाशी नेलं. आम्ही बौद्ध, आईच्या डोळ्यांसमोर स्तूप म्हणजे घुमट. ती वर बघत म्हणाली, ‘हा कसला स्तूप? ही तर बिल्डिंग!’ मी भाषांतर केलं. बाई खळखळून हसल्या. ‘स्तूप तुमच्याकडूनच आला. आम्ही फक्त मजले चढवले.’

‘चढवताना आम्हाला विचारलं होतं का?’ आई म्हणाली आणि तिथेच दोघींची गट्टी जमली. मग त्या दोघी बसने तिथे जाऊ लागल्या. एक मराठीत बोलायची, दुसरी चिनीत, आणि कुणाचंही काही अडायचं नाही. आई परत जाईपर्यंत हसती-बोलती राहिली ती बाईंमुळे. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

त्या पॅगोड्यात अस्थी ठेवतात. काकांच्या तिथेच होत्या आणि शेजारचा कोनाडा बाईंसाठी राखलेला होता. दर आठवड्याला बाई काकांना सगळी खबर द्यायच्या. त्यात माझ्या लेकीची परीक्षा आणि माझी करपलेली भाजीही असायची. मुलगा फोनवर विनवायचा, ‘आमच्याकडे चल, बेचाळिसाव्या मजल्यावर सगळी सोय आहे.’ बाईंचं उत्तर ठरलेलं : ‘तुझ्या बाबांना खबर कोण देईल?’

पण एकदा बाई घरात पडल्या, आणि एकटं राहणं संपलं. मुलगा न्यायला आला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

‘तू टेकडीवर जात जा. त्याला माझी खबर दे. मी परत येईपर्यंत.’

परत कशा येणार, ते दोघींनाही माहीत होतं.

‘कुठल्या भाषेत सांगू, बाई?’

‘मराठीत. तुझ्या आईचं मला कळायचं, मग त्याला का नाही कळणार?’

शांघायहून सुरुवातीला नुसत्या तक्रारी. लिफ्टला कार्ड लागतं, ती फक्त आपल्याच मजल्यावर थांबते, शेजारी कोण ते कळत नाही. मग एक दिवस व्हिडिओ कॉलवर चेहरा फुललेला. संध्याकाळी टॉवरच्या पायाशी म्हाताऱ्या स्पीकर लावून नाचतात, आणि बाई खुर्चीत बसून टाळ्या वाजवतात! ‘टॉवर बांधतात वर, पण माणसं जगतात खाली,’ त्या म्हणाल्या. मी टेकडीवर जाऊन सांगितलं, ‘काका, बाई बऱ्या आहेत. मैत्रिणी मिळाल्यात.’

मागच्या हिवाळ्यात मुलाचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. ‘इथेच शांघायला तिची जागा करतो, मला येणं-जाणं सोपं पडेल,’ म्हणाला. मी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी नव्हे, पण त्या दिवशी खुपसलं. ‘त्या परत येणार होत्या,’ म्हटलं. ‘तसं सांगून गेल्यात.’

पुढच्या महिन्यात तो अस्थी घेऊन आला. भिक्खुणींनी प्रार्थना म्हटली, कोनाडा बंद झाला. वडिलांसमोर काय बोलावं, ते त्याला सुचेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले.

‘काका,’ मी म्हटलं, ‘बाई आल्या.’