शेवंतीबाईचा फोटो

लिफ्टमन लोकांना दिसत नाही. दार लागलं की माणसं मोकळी बोलतात, आणि बोलणं माझ्यापाशी ठेवून आपापल्या मजल्यावर उतरून जातात. ऐंशी सालानंतरची बरीच वर्षं मी अंधेरीच्या एका हॉस्पिटलात लिफ्ट चालवली. तिथली शेवंतीबाई अजून डोक्यातून उतरत नाही.

शेवंती मालवणकडची, राहायला वाकोल्याला. बदली आया, म्हणजे कुणी रजेवर गेलं की तिच्या जागी काम. अंगानं चांगली भरदार.

एकदा ती लिफ्टमध्ये पाय ठेवते तोच मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले, "अगं, चार माणसांची लिफ्ट आहे ही! तू जिन्यानं जा. तेवढीच चरबी उतरेल."

सोबतचे शिकाऊ डॉक्टर फिदीफिदी हसले.

शेवंती म्हणाली, "साहेब, सकाळधरून जिनोच चढतंय. चरबी पण माझ्याच वांगडा चढता, खाली रवत नाय!"

*

साहेबांचा अभ्यासच चरबीचा. चिमट्यासारखं एक हत्यार होतं. दंडाची, पोटाची कातडी त्यात धरून मोजायचे.

शेवंतीला विचारलं, "जेवतेस काय?"

"दोन भाकऱ्यो आणि आमटी."

"खोटं! दोन भाकऱ्यांत एवढं अंग होतं?"

झालं! ती डबा उघडायची आणि सगळ्या आया तिच्या भाकऱ्या मोजायच्या. मग ती माझ्या लिफ्टमध्ये उभ्यानं जेवायला लागली. कष्टाची भाकरी खाणारी बाई, चोरासारखी जेवते!

ती मात्र म्हणायची, "तात्या, हळू ने रे. घास तरी उतरांदे."

*

मग तिला नोकरीत कायम करायची वेळ आली. तपासणी साहेबांकडेच, सहीही त्यांचीच. नवरा घरी बसलेला, दोन पोरी शाळेत. कायम झाली तर घर तरणार.

साहेबांनी काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "आधी वजन उतरव. मग सही."

त्याच दुपारी एक जाडजूड पेशंट बाथरूममध्ये पडला. वॉर्डबॉय उचलून थकले. साहेबच ओरडले, "अरे, शेवंतीला बोलवा!"

तिनं त्याला काखेत धरून अलगद खाटेवर ठेवला. लिफ्टमध्ये घाम पुसत म्हणाली, "कामाक वजन चालता तात्या, सहीक नाय!"

*

एक दिवस साहेबांनी निरोप धाडला, फोटो काढायचाय. तिला वाटलं, कायम झाली, ओळखपत्राचाच फोटो! दुसऱ्या दिवशी लग्नातलं लुगडं नेसून, गजरा माळून, पावडर लावून आली. अशी खुशीत तिला मी कधी बघितली नव्हती.

खाली आली तेव्हा गजरा हातात होता.

"पदर काढूक लावल्यानी. फोटोवाल्याक म्हणतत, बाजून उभी कर, पोट दिसांदे. सहीसाठी गप ऱ्हवलंय. मी इचारलंय, हसू काय? तर म्हणतत, तोंडाची गरज नाही."

एक मजला चुकला माझा.

*

पुढे खालच्या हॉलमध्ये आरोग्याचं प्रदर्शन भरलं. मधोमध बोर्डावर माणसाएवढा फोटो, बरोबर मानेवर कापलेला, तिथंच बोर्डही संपलेला. मला वाचता येत नाही. सिस्टरनं वाचून दाखवलं, "लठ्ठपणा, आळसाचं आणि खादाडपणाचं फळ." लुगड्याचे काठ मी ओळखले.

मोठे पाहुणे आले. साहेब छडी घेऊन समजावत होते. लोक हसत होते, शाळेची पोरंसुद्धा!

एवढ्यात बोर्डामागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आणि कापल्या मानेवर शेवंतीचं तोंड उगवलं!

साहेब लालबुंद. "शेवंती! हा काय प्रकार?"

"फोटोत मुंडी घालूची ऱ्हवली हुती साहेब. घेऊन इलंय."

"सही हवीय ना तुला?"

"व्हयी तर! वजन उतरव म्हणालात, पण हय बोर्डार आळस लिवलोसा." तिनं हनुवटी बोर्डाच्या कडेवर टेकली. "छडी हातात आसा ना? ह्यात आळस खंय तो दाखवा. तेवढोच काढून ठेवतंय."

पाहुणे साहेबांच्या छडीकडे बघायला लागले. छडी पोटाशी गेली, दंडाशी गेली, परत पोटाशी आली, आणि कुठेच टेकली नाही.