टाकीतलंच पाणी

माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज पिळला की हातांना शेवाळाचा वास लागतो आणि मला माधवनगरच्या घरातली ती दुपार आठवते. लग्न नवंच होतं. नवरा फौजेत परतताना त्याचे लाडके मासे माझ्यावर सोपवून गेला होता. स्पंज टाकीतल्याच पाण्यात धुवायचा, साबण लागला तर मासे दगावतात, असं त्यानं बजावलं होतं. बादलीत टाकीतलं पाणी घेऊन मी स्पंज धूत होते, तोच सासूबाई आल्या. "घाणीत घाण काय धुतीस गं? आण इकडं," म्हणत त्यांनी स्पंज ओढला आणि साबण उचलला. तोवर मी त्यांच्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. पण त्या दिवशी ओरडलेच, "आवं न्हाई, आत्ती! मासं मरतील!" त्या थबकल्या, स्पंज परत देत म्हणाल्या, "तुला आवाज हाय म्हणायचा!" मी फिल्टर जोडून बटण दाबलं, तर नुसतीच घरघर. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मी आतबाहेर करत राहिले. "हिंडतीस काय? जरा हलीव की त्येला," सासूबाई म्हणाल्या. हलवल्यावर अडकलेली हवा सुटली आणि बुडबुडे आले. अजूनही फिल्टर धुऊन जोडल्यावर बुडबुडे येईपर्यंत मला बसवत नाही, आणि आतल्या खोलीतून सासूबाई विचारत राहतात, "झाला का गं सुरू?"